काय म्हणतंय सर

आमच्या कॉलेजच्या संगणक लॅबमध्ये कुणाचं मशीन अडलं, की सर त्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहत. दोन्ही हात पाठीमागे बांधत, थोडं वाकत आणि विचारत, "काय म्हणतंय?" काय केलंस, कुठलं बटण दाबलंस, असं कधीच नाही. आजारी माणसाच्या घरी गेल्यावर आतल्या खोलीकडे बघत आपण हळू आवाजात चौकशी करतो, तसा तो प्रश्न असायचा. मुलांनी त्यांचं नावच 'काय म्हणतंय सर' पाडलं होतं. सरांना ते ठाऊक होतं. एकदा जिन्यात मागून कुणीतरी "काय म्हणतंय?" असं ओरडलं. सर थांबले, वळले, शांतपणे "बरं म्हणतंय" म्हणाले आणि पुढे चालू लागले.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला ते व्हर्च्युअल मशीन शिकवत होते. आपल्या संगणकावर एक सॉफ्टवेअर टाकायचं आणि त्याच्या आत आणखी एक संगणक तयार करायचा. तो खरा नसतो, पण त्याला स्वतःला आपण खरेच आहोत असं वाटत असतं. त्यात काहीही करून बघावं. बिघडला तर पुसून टाकावा आणि नवा करावा. वर्गात ऐकताना हे फार सोपं वाटलं होतं. लॅबमध्ये मात्र ते मशीन सुरूच व्हायचं नाही. सुरू करायचं बटण दाबलं की एक राखाडी चौकट यायची, तिच्यात इंग्रजीच्या चार ओळी आणि खाली 'ओके'.

मी ताबडतोब ओके दाबायचो. मोडनिंबच्या अलीकडे हायवेला आमचं गाव आहे आणि रस्त्याच्या कडेला वडिलांचं पंक्चरचं दुकान. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. इंग्रजी चौकट आली की मला वाटायचं, आपल्याला कुणीतरी रागावतंय. ओके म्हटलं की रागावणं संपतं. मग पुन्हा बटण, पुन्हा चौकट, पुन्हा ओके. असं बराच वेळ चाललं होतं. मागे सर येऊन उभे राहिलेत हे मला कळलंच नाही.

"काय म्हणतंय?"

"काय न्हाय सर... म्हणजे, काही नाही."

"काही नाही कसं? दारात माणूस येतंय, काहीतरी सांगायलंय. तुम्ही बरं बरं म्हणताय आणि दार लावून घेताय. मग ते परत येणारच की हो."

सर सगळ्यांनाच अहो-जाहो करायचे. अक्कलकोटच्या पलीकडच्या गावातले होते, घरात कन्नड. मराठी स्वच्छ बोलायचे, पण मधूनच एखादं वाक्य तिकडच्या वळणाने जायचं.

त्यांची एक पद्धत होती. चौकट आली की दोन्ही हात मांडीवर ठेवायचे. मग ती मोठ्याने, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायची. उच्चार चुकला तरी चालेल, पण शब्द गाळायचा नाही. आणि मग ती काय म्हणतेय ते घरी सांगतो तसं सांगायचं. ही शेवटची पायरी माझ्यासाठी सगळ्यात अवघड होती. पहिल्या वर्षी मी एकदा भर वर्गात "त्ये सुरूच व्हईना" म्हणालो होतो. मागच्या बाकावरचा प्रसन्न आठवडाभर मला बघून "व्हईना, व्हईना" करत होता. तेव्हा मी ठरवलं की शुद्ध बोलायचं. पुढच्या वेळी म्हणालो, "सर, याचा प्रारंभ होत नाही." त्यावर तर सगळा वर्गच हसला. त्यानंतर मी बोलणंच सोडून दिलं.

सर म्हणाले, "घरी आईला कसं सांगाल? तसं सांगा."

मी मागे बघितलं. मग स्क्रीनकडे बघत हळूच म्हणालो, "सर, त्ये म्हणतंय, पोटात दुसरं मशीन घ्यायची ताकद माझ्यात हाय. पर ती कुणीतरी बंद करून ठिवलीया."

सर स्क्रीनकडेच बघत राहिले. मला वाटलं, चुकलं. मग ते म्हणाले, "परत सांगा. मोठ्यानं." मी सांगितलं. ते फळ्याकडे गेले आणि मी म्हणालो होतो ते जसंच्या तसं, हाय आणि ठिवलीया सकट, फळ्यावर लिहिलं. मागून प्रसन्नचं खुसखुसणं ऐकू आलं. सर त्याच्यामागे जाऊन उभे राहिले.

"तुमचं काय म्हणतंय?"

"एरर देतंय सर."

"कसला?"

"एरर म्हणजे... एररच सर."

"बरं," सर म्हणाले, "ते फळ्यावरचं वाचा. तुमच्याही मशीनला तेच झालंय."

मग त्यांनी संगणक पुन्हा चालू करताना एक कळ दाबून आतल्या सेटिंगच्या पानावर कसं जायचं आणि बंद असलेली ती सोय कशी चालू करायची, ते एका मशीनवर करून दाखवलं. वीज गेली तरी ही सेटिंग आतल्या एका छोट्या सेलवर टिकून राहते, असंही जाता जाता सांगितलं. बाकीची मशीनं त्यांनी स्वतःच नीट केली, कारण विद्यार्थ्यांनी त्या पानावर जायचं नाही असा लॅबचा नियम होता. तशी सूचनाच भिंतीवर लावलेली होती.

तरी माझं मशीन पुढच्या तासाला पुन्हा अडलं. या वेळी दोष माझाच होता. आतल्या मशीनला बाहेरच्या मशीनची किती मेमरी द्यायची, हे एक पट्टी ओढून ठरवावं लागतं. मी ती पार शेवटपर्यंत ओढली होती. सरांनी विचारलं, "एवढं का दिलं?"

"तुमीच सांगितलं की सर. बाहेरचं यजमान आन् आतलं पाहुणा."

सर पहिल्यांदाच हसले. चष्मा काढून डोळे पुसण्याइतके हसले. म्हणाले, "आमच्याकडेपण असंच. पाहुण्याला वाढून झालं की मग आई आत जाऊन भांडं वाकवून बघणार. पण इथं तसं करू नका हो. घरचं माणूस उपाशी पडलं तर पाहुण्याला वाढणार कोण?"

त्यांच्या या सवयी फक्त लॅबपुरत्या नव्हत्या. कुणाला फोन लावला आणि तो बंद असला, तर ती बाई तिन्ही भाषांत सांगते ते सगळं ऐकून मगच ते फोन खाली ठेवायचे. मी विचारलं तर म्हणाले, "एवढं सांगतेय बिचारी. मधेच कसं तोडायचं?" यामुळे त्यांचं सगळंच सावकाश चालायचं. अभ्यासक्रम कधी वेळेत संपायचा नाही. हुशार मुलं वैतागायची. "सर, सरळ उत्तर सांगा ना," असं तोंडावर म्हणायची. सरांना ते लागायचं. मान खाली घालून ते खडूचा तुकडा बोटात फिरवत राहायचे, पण उत्तर सांगायचे नाहीत.

ते तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जितके तास तितकाच पगार, आणि वर्ष संपलं की नातं संपलं; पुढच्या वर्षी पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत. स्टाफरूममध्ये त्यांना टेबल नव्हतं. "सर, यंदा तरी परमनंट व्हा, पेढे द्या," असं कुणी ना कुणी म्हणायचं आणि ते "देऊ की" म्हणायचे. दुपारी ते लॅबच्या शेवटच्या रांगेमागे बसून एकटेच डबा खायचे. जेवण झालं की आईला फोन. एरवी इतकं हळू बोलणारा हा माणूस कन्नडमध्ये खूप मोठ्याने बोलायचा आणि मोठ्याने हसायचा. दारातून ते ऐकलं की आत कुणी दुसराच माणूस बसलाय असं वाटायचं.

दिवाळीनंतरच्या चाचणीत मी दोन विषयांत नापास झालो. मी रात्रपाळीला जाणाऱ्या तिघांबरोबर खोलीत राहत होतो. मी कॉलेजातून यायचो तेव्हा ते निघालेले असायचे आणि मी निघायचो तेव्हा झोपलेले. मी घरी फोन केला आणि म्हणालो, "आप्पा, मला जमत न्हाय. मी परत येतू."

वडील रागावले नाहीत. म्हणाले, "ये की. दुकान काय पळून चाललंय व्हय? पर परीक्षा दिऊन ये."

म्हणून मी प्रात्यक्षिक परीक्षेपर्यंत थांबायचं ठरवलं. सरांना सांगून जावं असं मनात होतं. एका दुपारी लॅबमध्ये गेलो. सर डबा उघडत होते. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी.

"सर, मी कॉलेज सोडतोय. परीक्षा झाली की."

"का हो?"

"जमत नाही सर."

सरांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. म्हणाले, "हे 'जमत नाही' म्हणजे त्या पोराचं 'एरर' झालं. त्यातनं काय कळणार? बंद करायचं तर करा, मी अडवणार नाही. पण पूर्ण वाचा आणि मग बंद करा. नेमकं काय होत नाही?"

मी इंग्रजी म्हणालो. ते म्हणाले, "ते तर येऊ लागलंय." मी गणित म्हणालो. "आणि?" मग माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, हितं माझ्याशी कुणीच बोलत न्हाय. सकाळधरनं संध्याकाळपातूर एक शब्द बोलत न्हाय मी. आवाज हाय का गेला ते बघाय आंघोळीला गेल्यावर खोकून बघतो."

हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. मी गणितासाठी चाललोय असं मला खरोखर वाटत होतं.

सर खिडकीकडे बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "ते माझंपण आहे." आणि मग लगेच, जणू काही बोललोच नाही अशा घाईने, "उद्यापासून डबा इथंच घेऊन या. एकट्यानं खाल्लं की चटणीपण लागत नाही."

त्यानंतर मी रोज तिथे जेवू लागलो. आम्ही फार काही बोलायचो असं नाही. सर चटणी पुढे सरकवायचे, मी खानावळीची भाजी. कधी ते एखादा कन्नड शब्द शिकवायचे आणि माझ्या उच्चाराला हसायचे. त्या हसण्याचं मला कधीच काही वाटलं नाही. पण जायचं की राहायचं हे अजून ठरलेलं नव्हतं. पास झालो तर बघू, असं मी स्वतःला सांगत होतो.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी शनिवार-रविवार कॉलेजची वीज दुरुस्तीसाठी बंद होती. सोमवारी बाहेरचे परीक्षक आले. आम्ही बसलो, बटण दाबलं आणि सगळ्या लॅबभर एकाच वेळी ती राखाडी चौकट आली. एकाही मशीनच्या आतलं मशीन सुरू होईना. विभागप्रमुख आत आले, त्यांनी बघितलं आणि सरांना बाजूला घेऊन म्हणाले, "जर्नल तपासा, दोन प्रश्न तोंडी विचारा आणि संपवा. मुलांना त्या सेटिंगमध्ये जाऊ देऊ नका."

सर जमिनीकडे बघत उभे राहिले. पुढच्या वर्षीचे तास याच माणसाच्या हातात होते, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मग सर म्हणाले, "सर, सुरू होत नाही, हाच आज त्यांचा प्रश्न धरू या का?"

"आणि बिघडवलं तर?"

"मी आहे की."

परीक्षक वयस्कर होते. त्यांनी पिशवीतून चष्मा काढला आणि म्हणाले, "माझी हरकत नाही." विभागप्रमुख निघून गेले.

माझ्यामागे परीक्षक आले तेव्हा मी हात मांडीवर ठेवले. चौकट वाचली. मजकूर जुनाच होता. ताकद आहे, पण बंद आहे. पण ती सोय तर सरांनी सगळ्या मशीनवर चालू केली होती. मग पुन्हा बंद कुणी केली? मी स्क्रीनवर आणखी काही लिहिलंय का ते शोधू लागलो, आणि खाली कोपऱ्यात तारीख दिसली. मी प्राथमिक शाळेत होतो तेव्हाची तारीख होती.

"सर," मी परीक्षकांना म्हणालो, "ह्याला सगळं इसरायला झालंय."

"म्हणजे?"

"आत घड्याळातल्यासारखा एक सेल असतोय. वीज नसली की त्याच्या जिवावर ह्ये तारीख आन् सेटिंग ध्यानात ठिवतं. तो सेल संपलाय. दोन दिवस लाईट नव्हती. म्हणून तारीख बी गेली आन् सोय बी बंद झाली."

बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी हे सगळं घरच्या बोलीत बोललोय. परीक्षकांनी विचारलं, "हे पुस्तकात आहे?"

"म्हायत न्हाय सर. हितं तारीख दिसली."

त्यांनी मान हलवली. मी मशीन बंद करून चालू केलं, कळ दाबून आत गेलो, सोय चालू केली, जतन केली आणि परत आलो. आतलं मशीन सुरू झालं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर वर सरकू लागली. सर भिंतीजवळ उभे होते. हात पाठीमागेच होते, पण आपल्याच मशीनचं काहीतरी झाल्यासारखे ते टाचा उंचावून बघत होते.

बाहेर आल्यावर प्रसन्नने हाक मारली. "ए व्हईना, तारीख कशी काय दिसली तुला? चल, चहा पाज आता." चहा त्यानेच पाजला.

मी पास झालो. गावी जाण्याआधी सरांना भेटायला गेलो. सुट्टी लागली होती, लॅबमध्ये पंखेसुद्धा बंद होते. सर जमिनीवर बसून मशीनची झाकणं उघडत होते आणि जुने सेल काढून नवे बसवत होते.

"पुढच्या वर्षी वर्कलोड कमी आहे म्हणतायत," मी विचारायच्या आधीच ते म्हणाले. "माझे तास नाहीत."

"त्या परीक्षेमुळं का सर?"

"तसं कुणी म्हटलं नाही. न म्हटलेलं आपण कशाला वाचायचं?"

"मग सर, हे सेल कशाला बदलताय आता?"

"काय झालंय ते कळलं ना? कळल्यावर तसंच ठेवून कसं जायचं हो?"

मी त्यांच्याबरोबर बसलो. ते झाकण काढायचे, मी स्क्रू सांभाळायचो. निघताना त्यांनी विचारलं, "तुम्ही परत येणार का?" मी म्हणालो, माहीत नाही. त्यांनी हात झाडले आणि म्हणाले, "ठरलं की कळवा."

जूनमध्ये मी "महिनाभर बघतो" असं घरी सांगून आलो. वेळापत्रकावर सरांचं नाव नव्हतं. नव्या मॅडम चांगल्या आहेत, भराभर शिकवतात, अभ्यासक्रम वेळेत संपेल असं वाटतं. दुपारी लॅबला कुलूप असतं. प्रसन्न कधीकधी चहाला हाक मारतो, पण जेवायला तो घरी जातो. मी जिन्याखाली डबा खातो.

एका रविवारी सरांना फोन लावला. ते बेंगळुरूला होते, कुठल्याशा कंपनीत. लोकांचे संगणक अडले की फोनवरून दुरुस्त करून द्यायचे, असं काम. मी म्हणालो, "मग सर, आता दिवसभर कन्नड बोलायला मिळत असेल." पलीकडे ते थोडं हसले. म्हणाले, "मिळतं की. पण आमचं कन्नड गावाकडचं आहे ना हो. मी बोललो की इथली पोरं हसतात." मग म्हणाले, "आता मी इंग्रजीच बोलतो." मी जिन्याखालचं काही सांगितलं नाही. त्यानंतर दोनदा फोन केला तेव्हा ते ड्युटीवर होते. आता त्यांचा नंबर बंद येतो.

परवा वडिलांचा फोन आला.

"महिना झाला की रं. काय ठरवलंस? येतूस का राहतूस?"

"राहतू आप्पा."

"जमतंय का पर?"

एरवी मी जमतंय म्हटलं असतं आणि फोन ठेवला असता. मी म्हणालो, "अभ्यास जमतुया. पर दुपारच्याला हितं कुणी नसतंय. जिन्याखाली बसून एकटाच जेवतू. तवा लई जड जातंय."

पलीकडून बराच वेळ हायवेवरच्या गाड्यांचा आवाज येत राहिला. मला वाटलं, आता ते परतच ये म्हणतील. मग त्यांनी घसा खाकरला.

"दुपारी फोन लावत जा की मग," वडील म्हणाले. "हितं बी कुणी नसतंय."